कच्चं लिंबू आणि मैदानाभोवतीची भिंत

मराठी मुलांच्या खेळात एक जुना कायदा आहे. तो कोणत्याही क्रीडासंघटनेने लिहिलेला नाही, पण गल्लोगल्ली पाळला जातो. लगोरी असो, लपंडाव असो की डबा ऐसपैस असो, खेळणाऱ्यांच्या मागे एखादे धाकटे भावंड हट्ट करीत येते. त्याला पळता येत नाही, नेम साधता येत नाही, नियमही कळत नाहीत. मोठी मुले कपाळाला आठ्या घालतात आणि शेवटी निवाडा देतात : हे कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही. ते बाद झाले तरी बाद धरले जात नाही. पण त्याला कोणी घरी पाठवीत नाही. गलबल्यात, धावपळीत आणि आरडाओरड्यात त्याचा वाटा असतो. नगरच्या कापडबाजारामागच्या गल्ल्यांत आणि दाळमंडईच्या जुन्या वाड्यांच्या चौकांत कित्येक पिढ्या या कायद्याखाली खेळून मोठ्या झाल्या. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी हाक येईपर्यंत त्या चौकात कोणीही बाहेरचे नव्हते.

पुढे शाळा येते. मैदान आखले जाते, गणवेश येतो, शिट्टी येते, निवडचाचणी येते. मग कच्च्या लिंबाचे नाव बदलते. ते 'राखीव' होते आणि बाकावर बसते. काही दिवसांनी ते बाकावरूनही उठते आणि 'मला खेळ आवडत नाही' असे सांगू लागते. घरातील मंडळी ते खरे मानतात, कारण ते सोयीचे असते.

या बाकावरच्या मुलांवर जगभर चित्रपट निघाले. त्यांतील बरेचसे विनोदी आहेत, कारण ज्याला धावता येत नाही त्याला धावताना पाहणे हे हसण्याचे जुने कारण आहे. मात्र त्यांतील चांगल्या चित्रपटांत प्रेक्षक मध्येच हसायचा थांबतो. या महिन्याच्या सदरात अशा दोन चित्रपटांचा विचार करायचा आहे. एक परदेशी आणि जुना आहे. दुसरा अलीकडचा असून त्याच्या दिग्दर्शकाच्या घडणीत अहिल्यानगर शहराचा, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही असलेल्या नगरचा, मोठा वाटा आहे.

पहिला चित्रपट 'द बॅड न्यूज बेअर्स'. तो 1976 साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मायकेल रिची, पटकथालेखक बिल लँकेस्टर आणि प्रमुख भूमिकेत वॉल्टर मॅथाऊ. खेळ आहे बेसबॉल. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि त्याचा भाऊबंद सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आता खेळले जातात. तरी घरातील वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द सांगणे बरे. क्रिकेटमध्ये चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो, इथे तो टप्प्याविना येतो. बॅट चपटी नसून गोल दांड्यासारखी असते. मैदानाच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार थांबे असतात. फलंदाज चेंडू मारून धावत सुटतो आणि चारही थांबे गाठून परत आला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की डाव दुसऱ्याकडे जातो. नजर आणि हात यांचा मेळ ज्याला साधत नाही, त्याची या खेळात लपायला जागा नसते.

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलसाठी 'लिटल लीग' नावाची मोठी संस्था आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी 1939 साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी ती सुरू केली. सुरुवातीचा हेतू साधा होता : गावातील मुलांना मोठ्यांसारखे, पण त्यांच्या मापाचे मैदान मिळावे. कालांतराने त्यात मोठ्यांची चढाओढ शिरली. मुलींना तर त्या संस्थेत 1974 पर्यंत अधिकृत प्रवेशच नव्हता. न्यू जर्सी राज्यात एका मुलीच्या निमित्ताने खटला झाला, तेव्हा कुठे नियम बदलला. चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला आणि त्यातील संघाची सर्वांत कुशल चेंडूफेक करणारी खेळाडू एक मुलगी आहे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

चित्रपटाची सुरुवातच एका दाव्यातून होते. कॅलिफोर्नियातील एका गावच्या नगरसेवकाने मुलांच्या स्पर्धेविरुद्ध दावा लावला आहे, कारण कच्च्या मुलांना तिथे कोणी घेत नाही. दावा जिंकल्यावर नको असलेल्या मुलांचा एक संघ उभा केला जातो. एक मुलगा लठ्ठ आहे आणि सतत खात असतो. एक ठेंगणा मुलगा क्षणात हातघाईवर येतो. दोन भावांना इंग्रजी येत नाही. ल्यूपस नावाचा एक मुलगा इतका बुजरा आहे की चेंडू त्याच्या दिशेने आला तर सगळा संघ डोळे मिटतो. आणि एक आहे ओगिल्वी. त्याला चेंडू फेकता येत नाही, पण खेळाचे सारे आकडे मुखोद्गत आहेत. व्यापारी घरांतील वाचकांना हा ओगिल्वी लगेच ओळखीचा वाटेल. दुकानाच्या गल्ल्यामागे बसून दहा वर्षांच्या वयात बेरजा तोंडी सांगणारा आणि शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिला येणारा मुलगा प्रत्येक बाजारपेठेत एक तरी असतो.

या संघाला शिकवायला नेमलेला गृहस्थ म्हणजे बटरमेकर. एके काळी तो व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या श्रेणीत खेळला. आता लोकांचे जलतरण तलाव साफ करतो आणि दिवसभर दारू पितो. शिकवण्यात त्याला रस नाही, त्याला मोबदल्याचा धनादेश हवा आहे. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाच्या 26 धावा होतात आणि याच्या संघाला एकही गडी बाद करता आलेला नसतो. बटरमेकर सामना सोडून देतो. हे दृश्य विनोदी आहे, पण त्यानंतर मुले घरी कोणत्या तोंडाने जातात हे दाखवायलाही दिग्दर्शक विसरत नाही. एक मुलगा तर अंगातला खेळाचा पोशाख काढून टाकून झाडावर जाऊन बसतो.

इथून पुढे चित्रपट नेहमीच्या वाटेने जाईल असे वाटते. कुशल मुलगी संघात येते. मोटारसायकलवरून फिरणारा, सिगारेट ओढणारा, पण गावात सर्वांत तरबेज असलेला एक वांड मुलगाही येतो. संघ जिंकू लागतो, आणि याच ठिकाणी कथेला खरी धार येते. जिंकण्याची चव लागल्यावर बटरमेकर बदलतो. ज्यांच्यासाठी हा संघ उभा राहिला, ती कच्ची मुले पुन्हा बाकावर जातात. तरबेज मुलाला तो सांगतो की दुसऱ्याकडे जाणारा चेंडूही तूच झेल. धावा वाढतात; पण मुले एकमेकांशी बोलेनाशी होतात. व्यापारात ज्यांनी भागीदारी पाहिली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. नफा वाढत असताना पेढी आतून मोडत जाते, ती अशीच.

अंतिम सामना गावातील सर्वांत बलाढ्य संघाशी असतो. त्या संघाचा प्रशिक्षक टर्नर शिस्तीचा आणि प्रतिष्ठेचा माणूस, आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्या संघाचा मुख्य चेंडूफेक्या. ऐन सामन्यात मुलगा रागाच्या भरात समोरच्या लठ्ठ मुलाच्या डोक्याच्या दिशेने चेंडू फेकतो. बाप मैदानात येतो आणि सगळ्या गावासमक्ष मुलाच्या थोबाडीत मारतो. पुढच्या चेंडूवर तो लठ्ठ मुलगा चेंडू टोलवतो. चेंडू परत येतो तो थेट चेंडूफेक्याच्या हातात. तो फेकला की गडी बाद. पण मुलगा चेंडू फेकत नाही. तो तसाच हातात धरून उभा राहतो. सवंगडी ओरडतात, बाप ओरडतो, लठ्ठ मुलगा धापा टाकीत चारही थांबे पूर्ण करतो. मग मुलगा बापाच्या पायाशी चेंडू टाकतो आणि मैदानाबाहेर चालता होतो.

विनोदी म्हणून नोंदल्या गेलेल्या चित्रपटातील हा प्रसंग कोणत्याही पालकाने चुकवू नये असा आहे. टर्नर वाईट माणूस नाही. त्याने मुलाला मारले, ते त्याची चूक धोकादायक होती म्हणून; पण मुलाला चेंडू धरून ठेवण्याइतका राग आला, तो एका थपडेचा नव्हता. कित्येक वर्षांच्या सकाळ-संध्याकाळच्या सरावात त्याचा खेळ त्याच्या हातून हळूहळू निसटला होता आणि तो बापाच्या प्रतिष्ठेचा भाग झाला होता. त्या एका चेंडूपुरता त्याने तो परत घेतला.

समोर उभ्या असलेल्या बटरमेकरला हा प्रसंग आरशासारखा दिसतो. तो बाकावरच्या सर्व मुलांना मैदानात उतरवतो. संघातील पालक चिडतात, कारण विजय हाताशी आलेला असतो. ज्याच्याकडे चेंडू गेला की सगळे डोळे मिटत, तो ल्यूपस एक झेल घेतो. आणि संघ सामना 7–6 असा हरतो. चित्रपट तिथे संपतो. विजेतेपदाचा चषक मिळत नाही. पण प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्याला हरल्याची खंत वाटत नाही. पटकथालेखक लँकेस्टर यांना लहानपणी पोलिओ झाला होता, एवढी माहिती या शेवटाला पुरेशी आहे. बाकावरून मैदान कसे दिसते हे त्यांना कोणी सांगावे लागले नसावे.

दुसरा चित्रपट 'झुंड'. हिंदी भाषेतील हा चित्रपट 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे. त्यांचे गाव जेऊर, सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात. कर्जत-जामखेडच्या सीमेला लागूनच. पुणे विद्यापीठातून मराठीत पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर ते नगरला आले आणि न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात त्यांनी संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. तिथल्या विद्यार्थिदशेतच 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार झाला. शाळेची ओढ असलेल्या, पण शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट होती आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' यांनी हे नाव घरोघरी नेले. पण कॅमेरा हातात घेऊन, बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहण्याची जी दृष्टी या तिन्हींत दिसते, तिचे पहिले धडे नगरच्या वर्गखोल्यांतून गेले आहेत. नगरकर वाचकांना याचा अभिमान वाटावा. मात्र हा दिग्दर्शक नगरकरांना काय दाखवू पाहतो, तेही पाहिले पाहिजे.

'झुंड'ची कथा नागपूरची आहे आणि तिला खरा आधार आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात काही झोपडपट्टीतील मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. त्या कामातून पुढे 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली आणि बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत तिचे खेळाडू गेले. चित्रपटात या शिक्षकाचे नाव विजय बोराडे आहे आणि ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. मुलांच्या भूमिका मात्र मुख्यतः नागपुरातील अशा तरुणांनी केल्या, ज्यांनी त्यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर काम केले नव्हते.

महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. अलीकडे हिरवे मैदान, पलीकडे कचरा. पलीकडची मुले चोऱ्या करतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. बोराडे सर त्यांना खेळायला बोलावतात ते उपदेश करून नव्हे, रोख पैसे देऊन. मुलांना हा माणूस खुळा वाटतो. खेळायचे आणि वर पैसे घ्यायचे! काही दिवसांनी सर खिसा रिकामा असल्याचे सांगतात. मुले रागावतात, जातात आणि थोड्या वेळाने परत येऊन फुटबॉल मागतात. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर सरांनी आधी माल उधारीवर दिला आणि गिऱ्हाईक जोडले. चित्रपटातील सर्वांत हसरा भाग म्हणजे महाविद्यालयाच्या गणवेशधारी संघाविरुद्ध या मुलांचा सामना. केस रंगवलेले, कपडे कोणाचे कोणाला, नियम अर्धेमुर्धे ठाऊक. या लढतीचा निकाल इथे सांगून रसभंग करण्याचे कारण नाही.

येथवर 'झुंड' आणि 'बेअर्स' एकाच वाटेने चालतात. पुढे त्यांची वाट फुटते, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील त्या मुलांना खेळता येत नव्हते. नागपुरातील मुलांना खेळता येत होते. ती कच्ची नव्हती. त्यांना मैदानच नव्हते. म्हणूनच 'झुंड'चा उत्तरार्ध मैदानावर फारसा घडत नाही. तो कचेऱ्यांत घडतो. परदेशी स्पर्धेसाठी निवड होते आणि मग पारपत्र लागते. पारपत्रासाठी जन्माचा दाखला, राहण्याचा पुरावा, नावाचा पुरावा, कोणीतरी ओळखत असल्याचा पुरावा. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मुलीचा बाप तिच्यासाठी दारोदार फिरतो आणि आपली मुलगी अस्तित्वात आहे हे सिद्ध करण्याची पराकाष्ठा करतो. संघातील सर्वांत वांड मुलावर पोलिसांत प्रकरण आहे. त्याचे पारपत्र त्याहून अवघड.

व्यापारी कुटुंबात कागद हा श्वासासारखा असतो. जागेचे खरेदीखत, दुकानाचा परवाना, पॅन, जीएसटी, मुलांचे जन्मदाखले, आजोबांच्या काळची रोजकीर्द; कपाटातील एका कप्प्यात कुटुंबाच्या तीन पिढ्या क्रमाने लावलेल्या असतात. एखादा कागद कमी पडला तर मार्केटयार्डातील कोणीतरी ओळखीचा निघतोच. त्यामुळे 'झुंड'मधील कचेरीचे प्रसंग अशा घरांतील प्रेक्षकाला सुरुवातीला लांबलेले वाटतात. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे आणि ही तक्रार अनेकांनी केली. पण तो कंटाळा दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर दिला असावा. ज्याच्या कपाटात कप्पा नाही आणि ज्याला कपाटच नाही, त्याचा दिवस कसा जातो हे कळण्यासाठी प्रेक्षकाला त्या रांगेत थोडा वेळ उभे राहावे लागते. दुकानात सामान उचलणाऱ्या हमालाचा, घरी कामाला येणाऱ्या बाईचा मुलगा शाळेच्या संघात का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या रांगेत असू शकते.

या दोन चित्रपटांच्या मधोमध तिसऱ्या एकाची आठवण अपरिहार्य आहे. आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' 2001 साली आला. 1893 सालच्या चंपानेर या काल्पनिक गावातील शेतकरी क्रिकेट शिकतात. त्यांत कोंबड्या पाळणारा आहे, मुका ढोलकीवाला आहे, वैद्य आहे. पण खरा पेच उभा राहतो तो कचरा या पात्रामुळे. त्याचा हात अधू आहे म्हणून चेंडू वळतो. आणि तो अस्पृश्य मानला गेला आहे म्हणून गावकरी त्याच्यासोबत खेळायला तयार नाहीत. 'बेअर्स'मधील अधुरेपण आणि 'झुंड'मधील भिंत ही दोन्ही त्या एका माणसात एकत्र आली आहेत. इंग्रजांशी सामना होण्यापूर्वी गावाला स्वतःशी एक सामना खेळावा लागतो, आणि तो जिंकल्याशिवाय पुढचा खेळता येत नाही.

पडद्यावरील गोष्टी पडद्यावरच राहतात असे म्हणणाऱ्यांसाठी एक खरीखुरी लढत अहिल्यानगर जिल्ह्याच्या खात्यावर जमा आहे. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे अजिंक्य रहाणे यांचे जन्मगाव. 19 डिसेंबर 2020 रोजी अॅडलेड येथे भारतीय कसोटी संघाचा डाव अवघ्या 36 धावांत आटोपला. त्यानंतर नियमित कर्णधार विराट कोहली मायदेशी परतले आणि नेतृत्व रहाणे यांच्याकडे आले. मेलबर्नला त्यांनी 112 धावा केल्या आणि भारत जिंकला. सिडनीचा सामना अनिर्णित राहिला. ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत मुख्य गोलंदाजांपैकी जवळजवळ सर्व जायबंदी झाले होते. सरावात फलंदाजांना चेंडू टाकण्यासाठी म्हणून नेलेले टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे तरुण कसोटी संघात आले. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर कसोटी हरली नव्हती, तिथे 19 जानेवारी 2021 रोजी भारताने 328 धावांचे लक्ष्य गाठून तीन गडी राखून सामना व मालिका जिंकली.

विजयानंतर चषक हातात धरायला रहाणे यांनी नटराजन यांना पुढे केले. मुंबईला परतल्यावर स्वागतासाठी आणलेल्या केकवर कांगारूची आकृती होती; तो केक कापायला त्यांनी नकार दिला. कांगारू हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे आणि हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याचाही मान राखला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. विजयाच्या दिवशी हे सुचणे सोपे नसते. 36 धावांचा दिवस ज्याने पाहिला आहे, त्याला ते सुचते असे म्हणण्यास जागा आहे. याच जिल्ह्यातील श्रीरामपूरचे झहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायला म्हणून मुंबईला गेले आणि 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेणारे गोलंदाज झाले. दोघांनाही घडण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाडिया पार्कच्या मैदानावर आज सकाळी धावणाऱ्या मुलांपैकी प्रत्येकाला मुंबई मिळेलच असे नाही. आणि प्रत्येकाने खेळाडूच व्हावे असेही नाही.

खरा प्रश्न त्या उरलेल्या मुलांचा आहे. अलीकडे सुखवस्तू घरांत खेळाकडे लक्ष दिले जाते, ही आनंदाची गोष्ट. उन्हाळी शिबिरे लागतात, महागडी बॅट येते, प्रशिक्षकाचे मासिक शुल्क भरले जाते. पण शुल्क भरले की फलाची अपेक्षा सुरू होते. सहा महिन्यांत मुलगा संघात आला नाही तर वडील विचारतात, 'एवढे पैसे घातले, उपयोग काय?' दुकानात हा प्रश्न रास्त आहे. मैदानावर तो विचारला की टर्नरची वाट सुरू होते. दुसरीकडे, ज्या मुलाचे अंग जड आहे त्याला पाहुण्यांसमोर लाडाने 'गोलू' म्हटले जाते आणि तोही हसतो. पण हे हसू घेऊन तो मैदानावर जात नाही. मुलींच्या बाबतीत तर बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ कोणत्याही घोषणेविना बंद होतो. शिकवणी वाढलेली असते, आणि त्या चौकात आता गाड्या उभ्या असतात.

कच्च्या लिंबाचा कायदा टिकला होता, कारण त्या खेळात हिशेब ठेवणारे वडीलधारे कोणी नव्हते. ही मोकळीक मुलांना परत देता येण्याजोगी आहे. त्यासाठी शिबिर लागत नाही. सोसायटीच्या आवारातील गाड्या रविवारी सकाळी दोन तास बाहेर लावल्या, एक रबरी चेंडू आणला आणि मोठी माणसे बाकावर बसली, तरी बरेच काही होते. वॉचमनच्या मुलाला त्या खेळात घ्यायचे की नाही, हे मुले स्वतः ठरवतील. बहुधा त्यांना तो प्रश्नही पडणार नाही, मोठ्यांनी डोळे वटारले नाहीत तर.

हे दोन्ही चित्रपट कुटुंबात पाहण्यापूर्वी पालकांसाठी काही सूचना आवश्यक आहेत. 'बेअर्स'मधील मुले शिवराळ बोलतात, वंशावरून एकमेकांना हिणवतात, त्यांचा प्रशिक्षक दारू पितो आणि शेवटी मुलांच्या हातीही बिअर देतो. आजच्या दृष्टीने हे खटकते आणि खटकावेच. 'झुंड'मध्ये शिव्या, नशापाणी आणि मारामाऱ्या आहेत. दोन्ही चित्रपट लहान मुलांसाठी नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या पुढील मुलांसोबत, आधी स्वतः पाहून, मग एकत्र पाहावेत. 'लगान' मात्र आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एका बैठकीत पाहता येतो.

एकत्र पाहताना एक प्रयोग करावा. टर्नरचा मुलगा चेंडू हातात धरून उभा राहतो, तिथे चित्रपट थांबवावा आणि मुलांना विचारावे की त्याने चेंडू का फेकला नाही. उत्तराची घाई करू नये. एखाद्या घरात मुलगा चटकन उत्तर देईल. एखाद्या घरात तो वडिलांकडे पाहील आणि काहीच बोलणार नाही. त्या घरात उरलेला चित्रपट नंतर कधीतरी पाहिला तरी चालेल.